आधी अटी, मग यंत्र

परवा लोणंदला गेलो होतो आणि आईच्या खोलीतला कॅमेरा काढून आणला. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांच्याकडे त्याचा पासवर्ड आहे (मीच मोठ्या उत्साहानं सगळ्यांना पाठवला होता), त्यांना आता तिथे काही दिसणार नाही. बिघाड झालेला नाही, मीच काढलाय. का काढला ते सांगायला बसलो, तर गोष्ट थेट शंभर वर्षं मागे गेली. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आई न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही हे नशीब, पण दोन तास ती तशीच पडून होती. दूधवाल्यानं दोनतीन हाका मारल्या, आतून उत्तर येईना, म्हणून त्यानं शेजारच्यांना बोलावलं. मी पुण्यात, धाकटा भाऊ अमेरिकेत. त्या रात्री आम्ही दोघं फोनवर बराच वेळ बोललो आणि आमच्यासारखे लोक जे करतात तेच केलं. एक वस्तू मागवली. रविवारी जाऊन खोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा बसवला, अर्ध्या तासात काम झालं. वायफाय होतंच. भाऊ, वहिनी, ताई, मामेभाऊ, सगळ्यांच्या फोनवर आईची खोली दिसायला लागली. 'आता आपण सगळे मिळून लक्ष ठेवू' असंही मी लिहिलं होतं. फार समाधान वाटलं होतं त्या दिवशी.

सहा महिने ठीक चाललं. मग एकदा ऑफिसात एक कंटाळवाणी मीटिंग चालू असताना सहज फोन उघडला. आई आंघोळ करून आली होती. क्षणभर उभी राहिली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जी दीड हाताची फट आहे तिच्यात शिरली. तिथे उभं राहून ती लुगडं नेसत होती. कपाटाच्या कडेला तिचं कोपर तेवढं दिसत होतं, ते सारखं भिंतीला आपटत होतं. ज्या घरात ती पंचावन्न वर्षं राहतेय त्या घरात! मी फोन उलटा ठेवला. त्या वेळी आणखी कोण पाहत होतं, देव जाणे.

शनिवारी गेलो. म्हटलं, "अगं, सांगायचंस ना, आवडत नाही म्हणून."

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लावताना तू विचारलंस का मला?" आणि थोड्या वेळानं, अजिबात न रागावता, "माझ्या माहेरी चोरांना पहारेकरी केलं होतं रे. तू आईवर पहारा बसवलास."

आईचं माहेर किर्लोस्करवाडी. आमचे आजोबा तिथे कारखान्यात पॅटर्न मेकर होते. ओतकामासाठी आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो, ते त्यांचं काम. चोरांना पहारेकरी केल्याची गोष्ट त्यांच्या तोंडून आम्ही लहानपणी ऐकली होती, पण ती आजोबांच्या इतर गोष्टींसारखीच एक गोष्ट म्हणून. आईच्या त्या वाक्यानंतर मात्र डोक्यातून जाईना. घरातली जुनी पुस्तकं काढली, थोडं इकडेतिकडे वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते पुढे.

किर्लोस्करवाडी आमच्याच रेल्वेलाइनवर आहे. लोणंदहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, कराड असं करत ताकारीनंतर किर्लोस्करवाडी येतं. सांगली जिल्ह्यात. १९१० साली या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं आणि आजूबाजूला निवडुंग आणि साप यांखेरीज फारसं काही नव्हतं. ती जागा औंध संस्थानची. बेळगावच्या नगरपालिकेनं जागा सोडायला लावलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तिथली ३२ एकर जमीन दिली आणि वर दहा हजार रुपये बिनव्याजी.

लक्ष्मणरावांचा तोवरचा प्रवास म्हणजे एकामागून एक मोडलेल्या बेतांची यादी आहे. १८६९चा जन्म, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, तर काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत असं निघालं. मग यांत्रिक रेखाटन शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. तिथे बढतीच्या वेळी त्यांना डावललं, म्हणून नोकरी सोडली. बेळगावला थोरल्या भावाबरोबर, रामूअण्णांबरोबर, सायकलींचं दुकान. मग कडबा कापायचं यंत्र. आणि मग लोखंडी नांगर.

नांगराची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते ती अशी की, अडाणी शेतकऱ्यांना वाटायचं लोखंडानं जमिनीला विष भिनतं, म्हणून कुणी नांगर घेईना. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. पण लक्ष्मणराव खचले नाहीत. गोष्ट खरीच आहे. पण आता वाचताना मी जरा शेतकऱ्याच्या बाजूनं विचार करून पाहिला. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा. मोडला तर तोच दुरुस्त करायचा, बलुत्यावर. रोकड लागायची नाही. लोखंडी नांगर म्हणजे रोख पैसे, दूरचा कारखाना, आणि फाळ झिजला तर काय करायचं याचं उत्तर गावात कुणाकडेच नाही. त्यात एक हंगाम फुकट गेला तर घर उपाशी. अशा माणसानं 'विष भिनतं' म्हटलं तर ते मला आता तितकंसं अडाणीपणाचं वाटत नाही. ज्याला जास्त गमवायचं असतं तो नव्या वस्तूला आधी नाहीच म्हणतो. त्याच्या शंकेला शब्द सापडत नाहीत म्हणून ती शंका खोटी ठरत नाही.

लक्ष्मणरावांचं मोठेपण मला इथे दिसतं. शेतकऱ्यांना नावं ठेवत न बसता ते नांगराकडे परत वळले. परदेशी नांगर बाजारात होतेच, पण वेगळ्या जमिनीला वेगळं अवजार लागतं हे त्यांच्या मनात पक्कं होतं. इथली काळी जमीन, तिच्यातली खोलवर गेलेली हरळी आणि कुंदा, इथले बैल, या सगळ्याला पुरेल असा नांगर त्यांनी घडवत नेला. हरळी लोखंडी नांगराशिवाय निघत नाही हे एकदा लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि मग नांगर खपायला लागला. याची किंमतही कुणीतरी मोजली, ती म्हणजे गावच्या सुतारानं. हे विसरून चालणार नाही. प्रगतीच्या गोष्टीत तो सुतार सहसा येत नाही.

आता पहारेकऱ्यांची गोष्ट. माळरानावर कारखाना, शेजारीपाजारी वस्ती नाही, रात्री चोरीची भीती. लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना कामावर घेतलं आणि त्यांच्याकडेच रात्रीचा पहारा दिला. आजोबा ही गोष्ट सांगताना शेवटी हसून म्हणायचे, "चोराच्या वाटा चोराला ठाऊक, म्हणून ठेवले असतील!" तेही असेल. लक्ष्मणराव व्यवहारी माणूस होते. पण त्या काळात ज्यांच्याकडे सरकारदरबारी जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहिलं जायचं त्यांच्या हातात कारखान्याची रात्र सोपवायची, हा नुसता हिशेब वाटत नाही. किर्लोस्करवाडीत शिवाशीव पाळायची नाही असाही नियम होता. त्याच वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. सुरुवातीला कारखान्याचं माहितीपत्रक, पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याचं मासिक झालं. १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर'. आमच्या आजीनं सातवीनंतर शाळा पाहिली नाही, पण 'स्त्री'चे अंक तिनं दोरीनं बांधून माळ्यावर ठेवले होते. नांगर आणि पंप करणाऱ्या गावातून बायकांनी वाचायची मासिकं निघावीत आणि दोन्ही कामं एकाच वाडीनं तितक्याच गंभीरपणे करावीत, हे मला आज फार विशेष वाटतं. यंत्र आलं की माणूस आपोआप पुढे जातो असं त्या लोकांनी धरून चाललं नव्हतं. त्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागते हे त्यांना कळलं होतं.

याच किर्लोस्करवाडीत आणखी एक प्रयोग झाला, तो मात्र फसला. आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या फसलेल्या प्रयोगानं.

१९२९ साली अखिल भारत चरखा संघानं एक स्पर्धा जाहीर केली. सुधारित चरखा करून दाखवणाऱ्याला एक लाख रुपये बक्षीस. त्या काळचे एक लाख! गांधीजी यंत्रांचे शत्रू होते असं आपण सरसकट म्हणतो, पण शिवणयंत्राला तर त्यांनी १९२४ सालीच अपवाद म्हणून मान्यता दिली होती. आणि इथे त्यांच्याच संघटनेनं जगभरातल्या इंजिनिअरांना आवाहन केलं होतं. मौज आहे ती स्पर्धेच्या अटींत. त्या मी मुद्दाम नीट वाचल्या, कारण गेली वीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये दुसरं काही करत नाही. काम सुरू व्हायच्या आधी अटींचा कागद लिहायचा, एवढंच माझं काम.

अटी साधारण अशा होत्या. चरखा हलका हवा, सहज उचलून नेता येईल असा, आणि खेड्यातल्या घरात हातानं किंवा पायानं चालवता येईल असा. एका बाईला फारसे श्रम न होता त्यावर सलग आठ तास काम करता आलं पाहिजे. पेळू करायची सोय त्यातच हवी किंवा सोबत वेगळी हवी. आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघालं पाहिजे, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. भारतात तो तयार करायला १५० रुपयांपेक्षा जास्त खर्च येता कामा नये. वेळच्या वेळी देखभाल केली तर वीस वर्षं टिकला पाहिजे, आणि दरवर्षी सुटे भाग बदलायचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये.

हा कागद वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. यातल्या वेगाच्या आणि किमतीच्या अटी कुठल्याही स्पर्धेत असतात. पण 'फारसे श्रम न होता' ही अट? आणि वीस वर्षांनंतरच्या दुरुस्तीचा खर्च? म्हणजे चरख्याचं चित्र कागदावर उतरण्याआधी त्याच्यासमोर बसणारी बाई त्या कागदावर आलेली होती. तिची पाठ, तिचं घर, तिची ऐपत, तिचा दिवस. मी आजवर इतके अटींचे कागद लिहिले, त्यांत 'वापरणारा' हा शब्द शेकडो वेळा लिहिला असेल. त्याची पाठ दुखेल का, हे एकदाही लिहिलं नाही.

किर्लोस्करवाडीत गणेश भास्कर काळे यांनी या स्पर्धेसाठी चरखा घडवला. मागे किर्लोस्करांचं बळ होतं. यंत्र हुशारीचं होतं. साबरमतीला त्याची परीक्षा झाली आणि ते सगळ्या अटींना उतरलं नाही. बक्षीस मिळालं नाही. पुढे ते कुणालाच मिळालं नाही.

आता या गोष्टीकडे दोन तऱ्हांनी पाहता येतं. एक म्हणजे, अटी अशक्य होत्या, हट्टी होत्या. गिरणी एवढ्या वेळात किती कापड काढते याचा विचार केला तर हा सगळा खटाटोप भाबडा होता. हे म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. देशाच्या अंगावर कापड शेवटी गिरण्यांनीच घातलं, माझ्याही. १९५० च्या दशकात एकांबरनाथांच्या अंबर चरख्याचा गावोगाव प्रसार झाला, तरी खादीला गिरणीशी बरोबरी करता आली नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे, एक लाख रुपये तयार असताना, समोर चांगलं चालणारं यंत्र असताना, 'चालतंय ना, मग अटी जरा सैल करू' असं म्हणायचा मोह त्या परीक्षकांना झाला नाही. तो मोह किती मोठा असतो हे मला रोजच्या कामात कळतं. तारीख जवळ आली की आमच्याकडे पहिली सैल होते ती माणसाची अट. वेगाची अट कधीच सैल होत नाही.

चरख्याच्याच वाटेवर मला एक विलक्षण माणूस भेटला. तो आपल्याला रहिमतपूर स्टेशनवर उतरवतो, कारण औंधला जायचं तर तिथूनच जावं लागतं.

मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधला, वॉर्सातल्या ज्यू घरातला. विजेचा इंजिनिअर. १९३० च्या दशकात भारतात आला तो बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात काम करायला. नोकरी मोठी, पगार मोठा. पण तो रमण महर्षींकडे जाऊन बसू लागला, भगवी वस्त्रं घालू लागला, स्वामी भारतानंद झाला. गांधीजींकडे गेला आणि सूतकताईत रमला. त्यानं धनुष तकली काढली. छोट्या धनुष्यानं चाती फिरवायची, बस्स. बांबू किंवा लाकूड आणि थोडी दोरी. एक लाखाच्या बक्षिसाच्या तुलनेत ही अगदीच किरकोळ वस्तू. पण कुठल्याही खेड्यात करता येणारी, मोडली तर घरीच दुरुस्त होणारी. विजेच्या कारखान्यातल्या इंजिनिअरनं इतकं साधं काहीतरी करावं, याला किती शिकलेलं बाजूला ठेवावं लागलं असेल!

औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डहून शिकून आलेले. फ्रीडमनची आणि त्यांची गाठ पडली आणि औंधात एक अजब गोष्ट घडली. १९३८ च्या नोव्हेंबरात बाळासाहेबांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायची घोषणा केली आणि १९३९ च्या जानेवारीत, गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली औंधची राज्यघटना लागू झाली. ७२ गावांचं चिमुकलं संस्थान, तेही सलग नाही, सातारा-सोलापूर-विजापूरकडे तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. पण कारभार गावपंचायतींपासून वर जायचा, हे त्यांनी स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी करून पाहिलं.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कल्पना फ्रीडमनची. कैद्यांची वसाहत, पण भिंत नाही. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं शेती करायची, बायकापोरांसह राहू शकायची. नावच स्वतंत्रपूर! व्ही. शांताराम यांचा १९५७चा 'दो आँखें बारह हाथ' यावरूनच सुचलेला. कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, जे स्वतः त्याच मुलखातले. चित्रपट बर्लिनला गाजला हे आपल्याला माहीत असतं, पण ती वसाहत आटपाडीजवळ खरोखर आहे हे सातारा-सांगलीतल्याही पुष्कळांना माहीत नसतं. मलाही नव्हतं.

भिंत काढून टाकणं हा काही भाबडेपणा नव्हता. भिंतीच्या जागी त्यांनी दुसरं काहीतरी ठेवलं: काम, जमीन, घरची माणसं, आणि 'तू पळून जाणार नाहीस असं आम्ही धरून चाललोय' ही जाणीव. भिंत उभी करणं सोपं असतं, ती एकदा बांधली की झालं. विश्वास रोज सांभाळावा लागतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी. पहाऱ्यानं माणूस जागेवर राहतो, पण बदलत नाही. आणि पहारा करणाराही बदलत नाही, हे मी माझ्यावरून सांगतो. कॅमेरा लावल्यापासून सहा महिन्यांत मी आईला पूर्वीच्या निम्म्यानंही फोन केले नव्हते. दिसतेय ना, मग बरी असेल.

फ्रीडमन पुढे तिबेटी निर्वासितांसाठी झटला. शेवटची वर्षं मुंबईत होता. खेतवाडीत निसर्गदत्त महाराज म्हणून एक सत्पुरुष होते, विडीचं दुकान चालवणारे. त्यांचे मराठीतले संवाद इंग्रजीत आणून १९७३ साली पुस्तक काढणारा तो हाच फ्रीडमन. १९७६ साली मुंबईतच वारला. वीज, चरखा, तुरुंग, अध्यात्म. वरवर पाहता एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मला वाटतं तो सगळीकडे एकच प्रश्न घेऊन फिरत होता: या व्यवस्थेत बसलेल्या माणसाचं काय होतंय?

असो. फार लांबलं. परत लोणंदला येतो.

कॅमेरा काढला, पण न्हाणीत आई पुन्हा पडणार नाही याची हमी कोण देणार? 'विश्वास ठेवला' म्हणून फरशी कोरडी होत नाही. म्हणून या वेळी मी एक केलं. काहीही मागवायच्या आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आईला म्हटलं, "तू अटी सांग. मी लिहून घेतो."

तिला आधी गंमत वाटली. मग तिनं सांगितल्या. खोलीत, स्वयंपाकघरात आणि देवापाशी डोळा नको. जे काही असेल ते चष्मा नसताना, ओल्या हातानं चालवता आलं पाहिजे. बिघडलं तर लोणंदच्या वायरमनला दुरुस्त करता आलं पाहिजे, "तू पुण्याहून येईपर्यंत मी काय करू?" बोलावलं तर आधी शेजारची माणसं आली पाहिजेत, मग तुझा फोन. आणि शेवटची: दाराशी हवा तर लाव कॅमेरा, पण त्यात कोण आलंय ते मला दिसलं पाहिजे. तुम्हाला नंतर.

चरखा संघाच्या कागदापेक्षा हा कागद काही कमी नव्हता. दुरुस्तीची अटसुद्धा तिनं आपणहून घातली होती!

शेवटी न्हाणीत आणि पलंगापाशी एकेक मोठं बटण बसवलं, जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात पोचेल इतकं खाली. दाबलं की शेजारी घंटा वाजते. न्हाणीत खरखरीत फरशी घातली आणि भिंतीला धरायला दांडी. कॅमेऱ्यापेक्षा खर्च जास्त आला आणि दिसायला त्यात काहीच आधुनिक नाही. आईनं बटणाची परीक्षा घेतली ती पहाटे पाचला, कुणाला न सांगता. शेजारचे काका धावत आले, मग दोघांनी चहा घेतला.

यात एक भोक आहे ते मला माहीत आहे. ती बेशुद्ध पडली तर बटण दाबणार कोण? भावानं फोनवर हेच विचारलं. मी आईला तसंच विचारलं. ती म्हणाली, "तेवढं माझ्यावर सोडा." आम्ही दोघंही गप्प बसलो. ही जोखीम मला आवडलेली नाही, रात्री जाग आली की आठवते. पण ती तिची आहे, आणि ती घ्यायचा निर्णय शुद्धीवर असलेल्या माणसानं घेतलाय. मी मात्र आता रोज रात्री नऊला फोन करतो. तुम्हीही करा. बघायची सोय गेली, आता विचारावं लागेल.

दाराशी छोटा कॅमेरा लावलाय, तिच्या अटीप्रमाणे. तिथेही तिनं एक सुट्टी मागून घेतली आहे. आषाढात माऊलींची पालखी नीरेचं स्नान करून लोणंद मुक्कामी येते तेव्हा आमच्या ओट्यावर, अंगणात, सोप्यात वारकरी झोपतात. नावंगावं कुणी विचारत नाही. दाराला त्या रात्री कुलूप नसतं, कधीच नव्हतं.

"तेवढे दिवस बंद ठेव तो," आई म्हणाली. "पाहुण्यांना बरं दिसत नाही."